तालुक्याच्या गावात फौजदारी वकील: चौदा महिन्यांच्या तारखांनंतर

आमचं प्रकरण नेहमीचंच. सरकारी कार्यालयात वाद, मग ठाण्यात धक्काबुक्की, आणि तक्रार द्यायला गेलेल्या माणसावरच उलट गुन्हा. लोकसेवकाला कामात अडवण्यासाठी हल्ला, हा तो गुन्हा. १ जुलै २०२४ पासून तो भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये बसतो, पण कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे भादंविच्या जुन्या कलमावरून ‘३५३ लावला’ असंच म्हणतात. अशा खटल्यात एकाच वकिलाला दोन कामं करायची असतात. आरोपी सोडवायचा आणि ठाण्यात झालेल्या मारहाणीची नोंद जिवंत ठेवायची. तालुक्याचा अनुभवी वकील पहिलं काम बहुतेक वेळा उत्तम करतो. दुसऱ्याबद्दल खाली लिहिलंय. गाव, ठाणं आणि माणसं मुद्दाम गाळली आहेत.

अनुभवी माणूस ओळखायचा कसा? एफआयआरची प्रत हातात दिल्यावर तो आधी काय वाचतो ते बघा. घटनेची तारीख, मग कलमं, मग फिर्याद किती वाजता नोंदवली ती वेळ. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं ३५३ लागतं. महाराष्ट्राने त्याची शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढवून खटला सत्र न्यायालयाकडे नेला होता. नव्या १३२ ला कमाल २ वर्षं आहेत आणि खटला तालुक्यातच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. त्याला दुखापतीचं कलम १२१ जोडलेलं असेल तर शिक्षा ५ वर्षांवर जाते आणि खटल्याची पद्धतही बदलते. ‘सोबत २२१ आहे का?’ असं विचारणारा वकील लगेच ठेवा. २२१ म्हणजे लोकसेवकाच्या कामात अडथळा, जुनं १८६. त्यात संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची कोर्टात लेखी तक्रार लागते, नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर दखल घेता येत नाही. हा मुद्दा दर दुसऱ्या खटल्यात सापडतो आणि निम्मे वकील तो पहिल्या तारखेला काढतच नाहीत.

फीचे खरे पैसे वसूल होतात ते पहिल्या चोवीस तासांत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५ (३) ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी द्यायची. ती आली की वकिलाने अशिलाला घेऊन वेळेवर ठाण्यात जायचं, हजर झाल्याची पोच घ्यायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. नोटिशीला न जाणं हेच पुढे अटकेचं कारण बनतं. अटक झालीच, तर कारणं लेखी मागायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि तत्काळ शक्य नसेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवायला, कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची. परप्रांतातून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या मजुराला मराठीतला कागद दिला तर हा मुद्दा उभा राहतो. याच संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा नाही. ‘मी ठाण्यात त्याच्या शेजारीच बसतो’ म्हणणारा वकील थापा मारतो, आणि ‘वकिलाला परवानगीच नाही’ म्हणणारा पोलिसही.

मग रिमांड. सकाळी अकराला गर्दी, आरोपी पुढे, हवालदार मागे. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपी मान थोडी मागे वळवतो आणि ‘नाही’ म्हणतो. दिवसभराच्या कामात यापेक्षा लहान प्रश्न नसेल. पण ‘तक्रार नाही’ ही ओळ एकदा नोंदली गेली की सहा महिन्यांनी मारहाणीचा मुद्दा काढल्यावर समोरचा वकील आधी तीच दाखवतो. चांगला वकील व्हरांड्यातच अशिलाला हा प्रश्न समजावून सांगतो आणि तक्रार असेल तर वैद्यकीय तपासणीचा अर्ज लेखी देतो. त्यात ‘मारहाण झाली’ एवढंच न लिहिता डाव्या खांद्यावर, उजव्या पोटरीवर, अंदाजे किती लांबीचा वळ, हे सगळं लिहितो. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात जखमेचं वय किती तासांचं याची नोंद असते. ती कोरी राहिली तर दाखला असून नसल्यासारखा, म्हणून डॉक्टरांना ती भरायची विनंती त्याच वेळी करायची.

पीसीआर (पोलिस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) हा वाद वकील किती आवाज चढवतो यावर ठरत नाही. पोलिसांना आरोपीकडून हस्तगत करायचं काय उरलंय, यावर ठरतो. १३२ मध्ये सहसा काहीच उरलेलं नसतं आणि तेवढं बोलून थांबणारा वकील जास्त परिणामकारक. एमसीआर झाला की त्याच दिवशी जामीन अर्ज. इथे बाहेरून आलेला वकील हमखास एक दिवस गमावतो, कारण अर्जावर सरकारी पक्षाचं म्हणणं मागवलं जातं. स्थानिक वकील अर्जाची प्रत सकाळीच सहायक सरकारी अभियोक्ता आणि तपासी अंमलदाराकडे पोचवून ठेवतो, दुपारच्या सत्रात म्हणणं येतं आणि संध्याकाळपर्यंत आदेश होतो. त्या एका रात्रीसाठी फी दिली तरी वाईट वाटत नाही. अटक शनिवारी असेल तर सुट्टीच्या कामाला कोणते न्यायाधीश आहेत, शेजारच्या तालुक्याला जावं लागेल का, हे त्याला तोंडपाठ असतं.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो जामीनदारामुळे. सातबारा, ८-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि कुठे कुठे ऐपतीचा दाखलाही, एवढं जमवलं तरी अडतं, कारण सातबारा सामाईक असतो किंवा इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो. उतारा ताजा काढायचा आणि दोन जामीनदार तयार ठेवायचे. जामीनदाराने आधी कुणाकुणाचा जामीन घेतलाय तेही प्रतिज्ञापत्रात सांगायचं असतं, ते लपवलं की पंचाईत. तयारी नसेल तर तात्पुरता रोख जामीन मागता येतो आणि नंतर मुदतीत जामीनदार देता येतो. हा अर्ज मूळ जामीन अर्जाबरोबरच जोडणारे वकील थोडे आहेत.

यानंतर कंटाळवाणे महिने येतात आणि खरी परीक्षा तिथे होते. चौदा महिन्यांतल्या बहुतेक तारखांना काहीच घडलं नाही: साहेब रजेवर, साक्षीदार गैरहजर, समन्स बजावणी बाकी. अशा दिवशी वकिलाचं काम एकच, अशिलाची हजेरी माफी वेळेत देणं. ज्युनिअर विसरला की वॉरंट निघतं, आणि ते रद्द करायला अशिलाला मजुरी बुडवून यावं लागतं, वर दंड. एकदा तसं झालंही. तेव्हापासून वकिलाच्या फोनवर न विसंबता ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून आदल्या संध्याकाळी तारीख बघायची सवय ठेवली. दर दोन-तीन महिन्यांनी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल काढावी. वकील तारखेला काय सांगतो आणि रोजनाम्यात काय लिहिलंय यातला फरक वाचण्यासारखा असतो.

नुसतं १३२ असेल तर तो समन्स खटला (२ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा), त्यामुळे साक्षीपुराव्याआधीच सुटका मागणारा नेहमीचा दोषमुक्ती अर्ज चालत नाही. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ मध्ये एक परंतुक (कलमाला जोडलेली जादा तरतूद) आलंय: आरोप निराधार वाटला तर न्यायदंडाधिकारी कारणं लिहून आरोपीला सोडू शकतात आणि त्याचा परिणाम दोषमुक्तीचाच. १२१ जोडलेलं असेल तर वॉरंट खटला, आणि मग कलम २६२ खाली कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज द्यायचा. तीस-तीस वर्षं वकिली केलेली माणसं इथे चुकतात, कारण जुन्या कायद्यात ही ६० दिवसांची मुदत नव्हती. वकील नेमताना हा प्रश्न सहज विचारून बघा. टेबलावर नव्या संहितांचं खुणा केलेलं पुस्तक आहे की नाही, तेही बघा.

उलटतपासात मात्र जुन्या माणसाला तोड नाही. १३२ चा कणा म्हणजे लोकसेवक त्या वेळी कर्तव्य बजावत होता का. जाणकार वकील साक्षीदारावर ओरडत बसत नाही. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज देऊन ड्युटी चार्ट, स्टेशन डायरी आणि आवक-जावक रजिस्टर मागवतो. मोबाइलचा व्हिडिओ दाखल करायचा असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे अ आणि ब असे दोन भाग असतात आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर चारदा फिरलेली प्रत घेऊन गेलात तर हे जुळणार नाही. मूळ फोन तसाच ठेवा.

आता दुसरं काम. ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे: चित्रण १८ महिने, आणि तेवढी सोय नसेल तर शक्य तितकं, पण किमान एक वर्ष साठवायचं. प्रत्यक्षात ‘डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद होता’ हे उत्तर तयार असतं. म्हणून चित्रण जतन करण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच कोर्टात आणि पोलिस अधीक्षकांकडे द्यायचा, वेळ आणि खोली लिहून. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीची मुदत घटनेपासून एक वर्ष. इथेच तालुक्याचा वकील कच खातो. ‘आधी जामीन, मग बघू’, नंतर ‘आधी चार्जशीट येऊ दे’, त्यानंतर ‘कशाला वैर वाढवता’. त्याला उद्या त्याच ठाण्यात दुसऱ्या अशिलासाठी जायचंय, हे समजण्यासारखं आहे. पण तोवर चित्रण पुसलं जातं. आमच्या अनुभवात अर्ज चौथ्या महिन्यात गेला आणि त्याचा उपयोग शून्य झाला. सर्वांत मोठी तक्रार हीच.

यावर उपाय म्हणजे काम वाटणं. खटला स्थानिक वकिलाकडे ठेवायचा. मारहाणीची रिट याचिका किंवा गुन्हा रद्द करण्याचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ चा अर्ज उच्च न्यायालयातल्या वकिलाकडे द्यायचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ आलंय. बाकीच्यांना मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. दोघांची ओळख सुरुवातीलाच करून द्यावी. नाहीतर स्थानिक वकील रुसतो आणि नकला मिळायला महिना जातो.

फी एकरकमी ठरवू नका. रिमांड-जामीन, दोषारोपपत्रानंतरचे अर्ज, साक्षीपुरावा, अंतिम युक्तिवाद असे टप्पे पाडून घ्या, आणि झेरॉक्स, तिकिटं, नकला यांचा हिशोब वेगळा. पावती मागितली तर चेहरा पडतो, तरी मागा. निकालावर टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. ‘साहेबांना द्यावे लागतील’ असं ऐकू आलं तर त्याच दिवशी वकील बदला. नेमण्याआधी सनद क्रमांक महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासा आणि फिर्यादीचं काम याच वकिलाने कधी घेतलं होतं का ते तोंडावर विचारा. लहान गावात हे हटकून निघतं. बार असोसिएशनने ‘या आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही’ असा ठराव केला असेल, तर २०१० च्या निकालाप्रमाणे तसा ठराव बेकायदा आहे.

पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना राज्यात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. क्रमांक १५१००. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोपींना मोफत वकील देणारं लोक अभिरक्षक कार्यालय आहे, आणि तिथले काही वकील फी घेणाऱ्यांपेक्षा जास्त तयारीने उभे राहतात.

वकील बदलायचा झाला तर सहसा आधीच्या वकिलाची ना-हरकत घ्यावी लागते. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. ग्राहक मंचात मात्र जाता येत नाही. १४ मे २०२४ च्या निकालाने वकिलाची सेवा त्या कायद्याबाहेर ठेवली, त्यामुळे तक्रार करायची तर बार कौन्सिलकडे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली. आमचा वकील बदलला नाही. सोळाव्या तारखेपासून निशाणी क्रमांक (कोर्टाने प्रत्येक कागदाला दिलेला क्रमांक) टाकलेल्या कागदांची दुसरी फाइल घरी ठेवली, आणि आता प्रत्येक तारखेआधी तोच फोन करून विचारतो, ‘निशाणी ९ तुमच्याकडे आहे ना?’