थाळी ताजी, पाटी शिळी

मालवण-तारकर्ली रस्त्यावरची ही खाणावळ लांबूनच ओळखू येते. पत्र्याच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'काय दर्या, काय मासे, काय हाटील!' खाली डोळा मिचकावणारा बांगडा.

जून २०२२ विसरला असाल तर सांगतो. शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला, इकडे सरकार पडायच्या बेतात, आणि सांगोल्याचे शहाजीबापू पाटील फोनवर कार्यकर्त्याला रंगवून सांगतायत, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! कॉल फुटला आणि बघता बघता रिमिक्स निघाले. आमच्याकडे तेव्हा मासेमारी बंदीचे दिवस. होड्या शाकारून किनाऱ्यावर, माणसं रिकामी, त्यामुळे ती क्लिप घरोघर वाजायची. सांगोल्याच्या कोरड्या मुलखातला माणूस हिरवळ बघून खरंच हरखला होता, मजा त्यात होती. पाटी रंगवून ती कुठली यायला?

मालकाला म्हटलं, २०२४ च्या निवडणुकीत बापू पडलेसुद्धा, आता तरी बदला. तो तवा खरवडत म्हणाला, "रंगवूक पैशे पडले मा? आणि घाटावरचे लोक फोटो काढूक थांबतत, मगे जेवतत." गप्प बसलो.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा थोडी. बांगड्याचं तिखलं घ्याच. तिरफळं ठेचून घातलेली, ताट यायच्या आधी वास येतो, आणि रस असा की भाताला धरून राहतो. मी दुसऱ्यांदा भात घेतला तो निव्वळ त्या रसासाठी. सुरमईची तुकडी रव्यात घोळवलेली, बाहेरून कुरकुरीत, काट्यापाशी ओलसर. आपल्याकडेही तुकडी करपवून 'क्रिस्पी' म्हणून विकणारे झालेत, त्यांनी येऊन बघावं.

सोलकढी फसली. नारळाचा रस पाण्यासारखा, आमसुलं नावाला, आणि रंग संशय यावा इतका गुलाबी. भाकरी सांगितली तर चपाती आली, तीही गार. पापलेट, सुरमईचा भाव फळ्यावर लिहीत नाहीत, तेव्हा तुकडीचा आकार बघून आधीच विचारून घ्या. रविवारी दुपारी दोननंतर जाऊ नका, तिखलं संपलेलं असतं. जीपे आहे, पण रेंज गेली की नाही, म्हणून खिशात रोख असू द्या.