पुखराज म्हणून सुनेला नावाचा खडा दिला, नि शांती म्हणून फॉरवर्डेड व्हिडिओ

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी २००१ च्या नवरात्रातली, सहाव्या माळेला झालेली. दीड वर्षापासून स्थळं बघतोय, एक तर सुपारी फोडायच्या बोलण्यापर्यंत आलं आणि मग त्यांच्याकडून फोन, की पत्रिकेत काहीतरी आहे म्हणतात, राहू द्या. तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता. ह्यांचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही म्हणून त्यांना न सांगता भिशीतल्या मैत्रिणीबरोबर पंचवटीत एका गुरुजींकडे गेले. नाव लिहीत नाही, पुरावा म्हणावा असा कागद माझ्याकडे नाही, तो का नाही ते पुढे येईलच.

त्यांनी पत्रिकेकडे बघितलं नि म्हणाले, "ताई, एक जमलेलं मोडलंय ना? आणि मुलीचे वडील देवाधर्माचं करत नाहीत." मी गारच पडले. घरी आल्यावर चार दिवसांनी डोक्यात आलं की बाहेर बसलेल्या मुलीने चहा देत अर्धा तास गप्पा मारल्या होत्या आणि त्या गप्पांत मीच हे सगळं ओकून बसले होते. पण तेव्हा कुठलं सुचायला.

मग त्यांनी लाल पेनने एका घरावर गोल केला. मिथुनेत गुरू आणि राहू एकत्र, म्हणजे गुरुचांडाळ योग. (ह्या नावातच जातीचा कसला घाणेरडा वास आहे, पण ते असो.) वृषभ लग्न (म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास) असल्याने ही युती दुसऱ्या स्थानात, कुटुंबस्थानात, म्हणून सासर टिकणार नाही, त्यात राहूची महादशा, म्हणजे राहूच्या अमलाची वर्षं, चालू, ह्याच वर्षी शांती केली नाही तर तिशी ओलांडेल असं सांगितलं. आईला अजून काय घाबरवायचं असतं?

त्र्यंबकला शांती २१,००० रुपये. आम्ही येतो म्हटलं तर म्हणाले गरज नाही, मुलीचं नाव गोत्र द्या, संकल्प सोडतो, व्हिडिओ पाठवतो. वर गुरू बळकट करायला सव्वापाच रत्तीचा पुखराज, सोन्यात, तर्जनीत, गुरुवारी घालायचा, ते ४२,०००. रत्न त्यांच्याकडूनच घ्यायचं कारण "सिद्ध केलेलं" असतं म्हणे. भिशी लागली होती ती गेली, वर माझी एक जुनी चेन मोडली. पावती मागितली तर म्हणाले, दक्षिणेची कुठे पावती असते का ताई.

व्हिडिओ आला तो मी देवासमोर बसून हात जोडून पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना वर बारीक अक्षरात फॉरवर्डेड लिहिलेलं दिसलं. मग कान देऊन ऐकलं तर गोत्र वसिष्ठ, आमचं काश्यप. आणि मी पैसे दिले मे महिन्यात, मागे बसलेल्या बायकांच्या अंगात स्वेटर! फोन केला तर म्हणाले ऑफिसच्या मुलाकडून चुकून दुसऱ्याचा गेला, तुमचा पाठवतो. तो अजून यायचाय.

अंगठी मुलीला सैल होत होती म्हणून सराफ बाजारात नेली. त्या माणसाने भिंगातून बघितलं नि मलाच विचारलं, काकू, कितीला घेतला? सव्वापाच रत्तीचा इतका स्वच्छ खरा पुखराज ह्या पैशात येईल का? लॅबमध्ये पाठवला. सुनेला निघाला. म्हणजे पिवळा स्फटिक, क्वार्ट्झ. पुखराजचा वक्रीभवनांक १.७६ च्या आसपास लागतो, ह्याचा १.५४ आला, हे मला त्या रिपोर्टवरूनच कळलं. सोनं तेवढं खरं होतं, तेही १८ कॅरेट.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माहेरचे उपाध्ये सिन्नरला असतात, ऐंशीच्या पुढचे. रडतच त्यांच्याकडे गेले. त्यांनी जुनं पंचांग काढायला लावलं. म्हणाले, युती आहे, खोटं नाही सांगितलं त्याने. पण बाळ, गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो नि राहू दीड वर्ष, मग २००१ च्या जूनपासून २००२ च्या फेब्रुवारीपर्यंत दोघं मिथुनेतच होते, त्या आठ महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या पत्रिकेत हे आहे, सगळी बिनलग्नाची राहणार का? शिवाय गुरू एकवीस अंशांवर, राहू सहाच्या आसपास, पंधरा अंशांचं अंतर, ह्याला मी तर घट्ट युती म्हणणार नाही. आणि महादशा? पूर्वाषाढा नक्षत्र, म्हणून सुरुवात शुक्राच्या दशेने, जन्मतः त्याची बारा वर्षं शिल्लक, मग रवी सहा, म्हणजे अठराव्या वर्षापासून चंद्र, तो दहा वर्षं, पुढे मंगळ सात, राहू पस्तिशीत येतो. आता चोविसाव्या वर्षी तो आला कुठून?

हे सगळं ते बोटांवर मोजत बोलत होते आणि मला मुलीच्या शाळेचा वर्ग आठवत होता, त्यातल्या दोघींची तर बाळंतपणंसुद्धा झाली. पत्रिकेवरचा माझा विश्वास अजून उडालेला नाही, खरं सांगते. पण कोणी युती दाखवून घाबरवलं तर आधी विचारा, किती अंशांचं अंतर, हे ग्रह त्या राशीत किती महिने होते, दशा कोणती आणि किती वर्षं शिल्लक. माझ्या गुरुजींना फोनवर हेच विचारलं तर म्हणाले, "ताई, अर्धवट ज्ञान घातक असतं," आणि फोन ठेवला.

पोलीस चौकीतही जाऊन आले. बिल आहे का, नाही. पैसे कसे दिले, रोख. जबरदस्ती केली का, नाही. साहेब चांगले होते, पाणी विचारलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसच्या नंबरवरून मेसेज आला, राहूसाठी गोमेद घेतला नाहीत अजून, आणि धाकट्या मुलाची जन्मवेळ पाठवा. ह्यांना अजून वाटतंय भिशीचे पैसे पोस्टात आहेत.