नागपूरच्या धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब: जिस्टचे ब्लॉक पुन्हा तपासायचे असतील तर इथेच न्या

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पार्किंग आणि बसायच्या जागेपायी. कामाला पैकीच्या पैकी. जिस्ट म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीत होणारी कॅन्सरची गाठ, आणि ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले तिचे तुकडे.

माझे मामा उमरेडला राहतात. त्यांचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं, शौचाला काळी होत होती. दुर्बिणीत जठराच्या अस्तराखाली फुगवटा दिसला, पण वरून काढलेल्या तुकड्यात काही सापडलं नाही. जिस्टची गाठ भिंतीच्या आतल्या थरात वाढते, त्यामुळे वरवरची बायॉप्सी बरेचदा कोरी जाते. सीटी स्कॅनमध्ये ६.५ सेंटीमीटरची गाठ, लिव्हर आणि पोटाचा पडदा स्वच्छ. ऑपरेशनमध्ये गाठ न फुटता अख्खी निघाली. याचं महत्त्व फार, कारण गाठ पोटात फुटली की धोका एकदम वाढतो.

पहिला रिपोर्ट दुसऱ्या एका लॅबचा होता. जिस्ट, सीडी ११७ (जिस्ट ओळखायची खूण) पॉझिटिव्ह, आणि पुढे ‘मायटोसिस फारसे नाहीत’. मायटोसिस म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी. बस्स, त्यांचा आकडाच नाही! कॅन्सरच्या डॉक्टरांनी तो वाचून लगेच विचारलं, “फारसे म्हणजे किती? गोळी द्यायची की नाही ते यावरच ठरतं.” आणि आम्हाला इकडे पाठवलं.

फोन केला तेव्हाच रिसेप्शनवरच्या ताईंनी खर्च सांगितला, स्लाइडसोबत मेणाचे ब्लॉकही मागितले आणि बजावलं, “दादा, मे महिना आहे. ब्लॉक बंद गाडीत ठेवून जाऊ नका, मेण मऊ पडतं.” इतकी काळजी फोनवर कोण घेतं?

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आणि मामींना आत बोलावून स्क्रीनवर स्लाइड दाखवली. लांबट पेशींची दाटी, आणि मधेच एका पेशीत गडद, केसाळ कडांचा पुंजका. ही दुभंगणारी पेशी, मोजायची. तिच्याच शेजारी आकसलेला काळा ठिपका होता, ती मेलेली पेशी, मोजायची नाही. पूर्वी ५० फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारी जागा) मोजायचे, पण मायक्रोस्कोपगणिक फील्डचं माप बदलतं, म्हणून आता ५ चौरस मिलिमीटर जागा धरून मोजतात. तेवढ्या जागेत मामांच्या गाठीत ८ निघाले. हद्द ५ ची आहे.

त्या आकड्याने सगळं बदललं. जठरातली एवढीच गाठ ५ किंवा कमी मायटोसिसची असती तर स्टेज १-बी, कमी धोका, नुसती तपासणी चालू ठेवली असती. आता स्टेज ३-ए, जास्त धोका. गाठ लहान आतड्यात असती तर हिशेब आणखी वेगळा, म्हणून जागाही लिहावीच लागते. या रिपोर्टमध्ये आकार, जागा, मायटोसिसचा आकडा, कडा मोकळ्या आहेत का, गाठ फुटली होती का, डॉग-१ ही जिस्टची आणखी एक खूण, सगळं नीट ओळीने आहे. मामींनी लसिकाग्रंथींचं विचारलं, तर जिस्ट तिकडे क्वचितच जातं हे मॅडमनी सावकाश, मराठीत समजावलं.

जीन तपासणीसाठी ब्लॉक त्यांनीच बाहेर पाठवला. किट नावाच्या जीनच्या एक्सॉन ११ या भागात बदल निघाला, म्हणजे इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी चांगली लागू पडायची शक्यता. काही गाठींत पीडीजीएफआरए जीनमध्ये डी८४२व्ही नावाचा बदल असतो, त्यांच्यावर ही गोळी चालत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका. मामांना रोज ४०० मिलिग्रॅम सुरू आहे, ३ वर्षं घ्यायची आहे.

आता तक्रार. चंद्रपूर, गडचिरोलीहून रात्रीचा प्रवास करून आलेली माणसं जिन्यात उभी असतात. चार बाकं आणि एक कूलर ठेवाच, ही मनापासून विनंती. गाडी मात्र घरीच ठेवा, ऑटोने या. आणि काम झालं की ब्लॉक मागून घ्या, पावतीवर नंबर जुळवून. पुढे कधी लागले तर तेच लागतात.