सदतीस बाहुले आणि एक पावसाळा: दहा महिन्यांनंतर

गेल्या जुलैत पहिला बोटभर उंचीचा खेळण्यातला बाहुला घेतला, आता मे संपत आलाय. मधल्या काळात सदतीस झाले. तेवीस लेगोचे, चौदा मिनिमेट्स नावाच्या तशाच दुसऱ्या घराण्याचे. मी म्हापशात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि बिलिंग मशीनवर कायम एक बाहुला उभा असतो. त्यामुळे "मॅडम, हे कुठे मिळतात, टिकतात का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

निकाल आधीच सांगते. घ्या, पण खोक्यातून बाहेर काढायला घ्या. सीलबंद ठेवून पुढे विकायचा विचार असेल तर गोव्यात राहून हा नाद करू नका. का ते पुढे येईलच.

आधी दोघांमधला फरक. लेगोचा माणूस १९७८चा. उंची साधारण चार सेंटिमीटर, हलणाऱ्या जागा सात: मान, दोन खांदे, दोन मनगटं, दोन मांड्या. कोपर नाही, गुडघा नाही. मूठ म्हणजे छोटी पक्कड. तलवार, कप, झाडू, काहीही तिच्यात बसतं, कारण सगळ्या दांड्यांची जाडी एकच ठेवलेली आहे. डोक्यावरच्या गोल उंचवट्याला भोक असतं. ते शोभेला नाही. पोराने डोकं गिळलंच तर हवा जायला वाट राहावी म्हणून आहे. हे कळल्यावर माझ्यातल्या फार्मासिस्टने मनातल्या मनात हात जोडले. सिनेमातली पात्रं त्यांनी १९९९मध्ये स्टार वॉर्सपासून आणली, पण सुरुवातीला सगळ्या माणसांचे चेहरे पिवळेच. खऱ्या माणसाच्या कातडीचा रंग २००३पासून आला.

मिनिमेट्स अमेरिकेतले, २००२ सालचे. आता मिळतात ते दोन इंचाचे. डोकं तसंच ठोकळ्यासारखं, पण सांधे चौदा. कोपर, गुडघे, घोटे, कंबर, सगळं वळतं. स्पायडरमॅनला गुडघे नसतील तर तो भिंतीवर चढणार कसा? सुपरहिरो घ्यायचे तर मी मिनिमेट्सच सुचवीन. जादूगार, अंतराळवीर, खलाशी असले लोक मात्र लेगोचेच गोड दिसतात. ते नुसते उभे राहिले तरी पुरतं. जपानच्या मेडिकॉमचे क्युब्रिक म्हणून आणखी एक घराणं आहे, २०००चं. नाव दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकवरून घेतलेलं. माझ्याकडे एकही नाही. जुन्यांच्या किमती बघितल्या आणि पान बंद केलं.

किमतीचं म्हणाल तर आपल्याकडे हे महाग पडतात, आणि त्यात दुकानदाराचा दोष कमी. खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. घेताना तो बघत जा. माझे सदतीसचे मिळून साडेएकोणीस हजार झाले. घरी मी बारा सांगितलेत.

फसलेसुद्धा. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सहाचा संच घेतला, फोटो अस्सल मालाचे, आले ते नकली. परत घेईना, उत्तर देईना. तेव्हा शिकले ते सांगते: डोकं उपटा आणि मानेच्या खुंटीवर बघा. अस्सल असेल तर तिथे बारीक अक्षरांत लेगो कोरलेलं असतं. नकलीची खुंटी गुळगुळीत. दुसरी खूण छपाई. नकलीत पट्टा कमरेवर सुरू होतो आणि बरगडीत संपतो. जत्रेत पन्नास रुपयांना मिळतात ते मात्र मी खुशाल घेते, कारण ते कुणी असल्याचा आव आणत नाहीत. माझ्या एका वटवाघळाच्या छातीवर चक्क फुलपाखरू आहे.

लेगोची एकेक माणूस मिळणारी मालिका असते, आत कोण आहे ते बाहेरून कळत नाही. २०२३पर्यंत ती पिशव्यांत यायची, नंतर पुठ्ठ्याच्या खोक्यांत. पणजीत एका दुकानात जुन्या स्टॉकमधल्या नऊ पिशव्या सापडल्या. मी अर्धा तास उभी राहून चाचपत होते. लांब कडक काही लागलं तर काठी, पातळ गोल लागलं तर ढाल. म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंबा असा दाबून बघितला असता तर बाईने टोपली उचलून घेतली असती. दुकानदार बिचारा काही बोलला नाही. चार घेतल्या, तीन ओळखल्या होत्या त्याच निघाल्या. खोक्यात ही मजा नाही. खोकं हलवून काय कळणार, डोंबल.

आता पावसाळा. घर मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटं. पहिले अकरा बाहुले मी खोकी-पुठ्ठ्यांसकट प्लास्टिकच्या घट्ट डब्यात भरून कपाटावर ठेवले. ऑगस्टमध्ये झाकण उघडलं तर आधी वास आला, मग दिसलं. पुठ्ठा फुगलेला, कडांना करडा बुरा, आतला कागद एकमेकांना चिकटलेला. घट्ट झाकण म्हणजे सुरक्षित, असं मला वाटलं होतं. मी दमट हवाच आत कोंडली होती. बाहुल्यांना मात्र ओरखडासुद्धा नाही. ते एबीएस प्लास्टिक, त्याला पावसाचं सोयरसुतक नाही. धुवायला चाळीस अंशांपेक्षा कमी गरम पाणी, दोन थेंब साबण, मऊ टूथब्रश, पंख्याखाली पंचावर रात्रभर. झालं.

अपवाद एकच, कापड. जुना वापरलेला बॅटमॅन मी एका मुलाकडून घेतला होता. त्याचा केप, म्हणजे पाठीवरचा कापडी झगा, जुन्या पद्धतीचा, खळ घातल्यासारखा ताठ. त्यावर पांढरे ठिपके आले, जसे दसऱ्याला काढलेल्या चपलांवर असतात. पुसला तर मऊ पडला, आता ओल्या वडाच्या पानासारखा लोंबतो. अलीकडचे केप मऊ कापडाचे असतात, ते तग धरून आहेत. मी केप सोडवून औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत छोट्या बरणीत ठेवते. पुड्या दुकानात फुकट मिळतात, हा माझा धंद्याचा फायदा.

चवथीला दुसरी परीक्षा. हॉल मोकळा करायचा म्हणून बाहुले परातीत काढून ठेवले आणि भावाच्या मुलाच्या हाती लागले. तो म्हणाला, "आते, स्पायडरमॅनला माटोळीत बसवू?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो ती चौकट. मी कामात होते, हूं म्हटलं असणार. कवंडळं आणि सुपारीचे घोस यांच्यामध्ये त्याने तो दोऱ्याने उलटा टांगला. दिसत होता झकास, खोटं कशाला बोलू. रात्रीच्या आरतीत दोरा सुटला. स्पायडरमॅन थेट काकांच्या पेटीवर पडला, मनगटातून हात निसटला आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीत गेला. पट्टी दाबली ती वर येईना. अख्खी आरती त्या एका सुराच्या सोबतीने झाली. काका भाता मारत राहिले, चेहऱ्यावर रेष हलली नाही. तबला वाजवणारा मात्र मान खाली घालून हसत होता. शेवटी पेटी उघडून चिमट्याने हात काढला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, लाल.

सांगायचं हे की मिनिमेट्सचे हात सुटे होतात, तसेच केलेले असतात. लहान मुलं घरात असतील तर हात काढून वेगळे ठेवा. सांधा ढिला पडला तर खुंटीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. घाई केली तर सांधा कायमचा चिकटेल. सांधा अडकला असेल तर जोर लावू नका, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून हळू फिरवा.

ऊन हा पावसापेक्षा मोठा शत्रू, हे मला फार उशिरा समजलं. एक पांढरा शिपाई सप्टेंबरपासून पश्चिमेच्या खिडकीत होता. एप्रिलमध्ये शेजारी नवा आणून उभा केला तेव्हा जुना दुधावरच्या सायीसारखा दिसला. दुकानातलं २० व्हॉल्यूम, म्हणजे साधारण सहा टक्क्यांचं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, हातमोजे घातले. पायांवर छपाई नव्हती म्हणून फक्त पाय काचेच्या बरणीत टाकून गच्चीवर उन्हात ठेवले. बुडबुडे चिकटून पाय वर तरंगायला लागतात, दर अर्ध्या तासाने काडीने खाली ढकलावे लागतात. पाच तासांनी उजळले. धड तसंच सायीच्या रंगाचं राहिलंय, कारण त्यावर छपाई आहे आणि ती उडाली तर काय करणार? आता शिपायाने पांढरी विजार घातल्यासारखं दिसतं. पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो असं इतरांचे अनुभव सांगतात, म्हणून तो आता पूर्वेच्या भिंतीवर, पडद्याच्या आड आहे.

खोकी सगळी टाकली. अकराच्या अकरा. एका गिऱ्हाइकाने सांगितलं की खोक्यासकट दुप्पट किंमत आली असती. आली असेल, कोरड्या हवेच्या गावात. आमच्याकडे जूनचा पहिला पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय आणि मी काल रात्री केप सोडवायला बसले होते. सदतीसपैकी नऊ जणांना केप आहेत. आठ बरणीत गेले. बॅटमॅनचा तेवढा बाहेरच ठेवलाय, त्याचं आणखी काय बिघडणार.