मोमेंटो एक नंबर, पण मजकूर तुमचा तुम्ही न्या

आमच्या बॉटनीच्या मॅडम ३१ जुलैला रिटायर झाल्या. जुन्या एमएस्सी बॅचच्या आम्ही आठ जणांनी काँट्री काढून मोमेंटो आणि मानपत्र द्यायचं ठरवलं, आणि कोल्हापुरात राहणारा मी एकटाच, म्हणून सगळं काम माझ्या गळ्यात. राजारामपुरीतल्या एका दुकानात करून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं जरा वाकडं लिहिणार आहे.

आधी चांगलं सांगतो. लाकडावरचं लेझरचं काम खरंच नाद खुळा. मॅडमची पीएचडी कंदीलपुष्पांवरची, म्हणून आम्ही सेरोपेजिया सांतापावी या सह्याद्रीतल्याच जातीचं चित्र दिलेलं. त्या फुलाच्या पाकळ्या वर टोकाला जुळलेल्या असतात म्हणून कंदील, आणि खालच्या नळीत आतून केस असतात, माशी आत शिरते पण केसांमुळं उलटी बाहेर येता येत नाही, मग केस सुकले की परागकण घेऊन सुटते. ते नळीतले केससुद्धा दुकानातल्या पोरानं बारीक रेघांनी दाखवले, मी तर बघतच राहिलो.

आता मानपत्र. त्यांच्याकडं म्हणे रेडी मॅटर असतं, फक्त नाव बदलायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ आलं त्यात "हाडाचे शिक्षक", "विद्यार्थ्यांचे आधारवड" आणि शेवटी "आपला पुढील प्रवास सुखाचा होवो", म्हणजे एसटीत बसवूनच देताय की काय! वर "आपण विद्यार्थीप्रिय शिक्षक होता", अहो मॅडम आहेत त्या. हेच मॅटर गणिताच्या सरांना द्या, बँकेतल्या साहेबांना द्या, कुणालाही चालतंय. ३० वर्षं पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गुडघे टेकून फुलं मोजणाऱ्या बाईच्या कामाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मग आम्ही रात्री बसून स्वतः लिहिलं. कुठल्या सड्यावर काय सापडलं, हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) किती शीट्स दिल्या, कोण कोण पोरं पुढं रिसर्चला गेली, सगळं. युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलं तर त्यांच्या जुन्या कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, "वनस्पतिशास्त्र"चं काय झालं ते इथं लिहीत नाही. तीन प्रूफं झाली.

खरी मारामारी मोमेंटोवरच्या शास्त्रीय नावावर झाली. जीनसचं (पहिला शब्द, वंशाचं नाव) पहिलं अक्षर कॅपिटल, स्पीसीज (दुसरा शब्द, जातीचं नाव) पूर्ण स्मॉल आणि दोन्ही शब्द तिरपे, हा नियम आहे. मालकांनी सगळं कॅपिटल आणि सरळ केलं, का तर "उठून दिसतंय सर". मी म्हटलं अहो, सांतापाव हे मुंबईच्या झेवियर्सचे फादर, बॉटनीचे प्रोफेसर, खंडाळ्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींवरचं पुस्तक, लिहिलेला माणूस, त्यांच्या मानासाठी त्या झाडाला त्यांचं नाव दिलंय, आमच्या लाइनीत यापेक्षा मोठं मानपत्र नसतं, आणि तेच तुम्ही चुकीचं कोरताय होय! तेव्हा कुठं त्यांनी केलं नीट, एक्स्ट्रा पैसे न घेता, हे मात्र मान्य.

डिलिव्हरी एक दिवस उशिरा, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री साडेनऊला. शाल त्यांच्याकडून घेऊ नका, पातळ आहे, महाद्वार रोडवर बघून घ्या. फेटा आम्ही बांधलाच नाही, मॅडमनीच सांगितलं होतं "फेटा बांधलात तर मी उठून जाईन".

लाकडाच्या कामाला पाचपैकी साडेचार, मजकुराला एक. जाताना मजकूर छापून न्या, फाइलची पीडीएफ द्या आणि किमान दहा दिवस हातात ठेवा.

हां, आणि कार्यक्रमात मॅडमनी मोमेंटो हातात घेतल्या घेतल्या पर्समधून चष्मा काढला आणि सगळ्यात आधी ते नाव तपासलं. मग "तिरपं आहे, बरं झालं" म्हणाल्या आणि बाजूच्या सरांना फुलातले केस दाखवायला लागल्या, सत्कार राहिला बाजूला.