एक्स्चेंज सेमिस्टर, अकरा महिन्यांनंतर: बाकी सारे उत्तम, फक्त १.७ सांभाळा

माझी मुलगी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकते. तिने पाचवे सत्र जर्मनीतील एका तंत्रविद्यापीठात एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून पूर्ण केले. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली, मार्च २०२५ मध्ये परतली आणि जुलैमध्ये इकडच्या निकालपत्रावर पाचपैकी चार विषयांत 'अनुत्तीर्ण' व एका विषयात 'गैरहजर' असा शेरा आला. हा अनुभव लिहिण्याचे निमित्त तेच निकालपत्र आहे. एक्स्चेंज म्हणजे इकडच्याच पदवीचे एक सत्र तिकडे करणे; अर्ज कसा करतात, हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

आधी पैशांचे, कारण माझा पेशा हिशेबनिसाचा आहे आणि सातपूरच्या कारखान्यात गेली बावीस वर्षे मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. तिकडची शिकवणी फी माफ असते, इकडची भरावीच लागते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दरमहा ९९२ युरो या दराने सहा महिन्यांचे ५,९५२ युरो एकरकमी ठेवावे लागले, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण साडेपाच लाख रुपये. हा आकडा ऐकून आमच्या इंदिरानगरच्या घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. मात्र ही रक्कम खर्च नसून तारण आहे, हे आधी कोणी नीट समजावले असते, तर माझी झोप वाचली असती. दर महिन्याला ९९२ युरो मुलीच्या खात्यात येत होते आणि वसतिगृहाचे भाडे, सव्वाशे युरोंच्या आसपासचा आरोग्यविमा आणि किराणा धरून तिचा खर्च साडेसहाशेच्या वर गेला नाही. उरलेले पैसे परत आले. विमानभाडे, व्हिसा आणि तिकडचे सत्रशुल्क (ही शिकवणी फी नव्हे) धरून सगळे ४ लाख ७० हजारांच्या आत बसले. एक सावधगिरी मात्र घ्यावी. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरताना मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्यावे, असा पर्याय निवडा. आम्ही तो न निवडल्यामुळे रक्कम १८ युरोंनी कमी पोहोचली आणि तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा शुल्क भरून पैसे पाठवावे लागले.

प्रवासाचा पास हा अनपेक्षित आनंद ठरला. सत्रशुल्कातच महिना २९.४० युरो दराचा सहा महिन्यांचा पास होता आणि त्यावर देशभरातील पॅसेंजर गाड्या, बस व ट्राम यांतून फिरता येत असे. जलद गाड्या त्यात नव्हत्या. पण व्हिसासाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला उभ्याने जाऊन आलेल्या मुलीला त्याचे काही वाटले नाही. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितले, तेव्हा या देशाविषयी माझे मत चांगले झाले.

आता मुख्य तक्रार. जर्मनीत गुणांची पट्टी उलटी असते. १.० सर्वोत्तम, ४.० ही उत्तीर्णतेची सीमा आणि ५.० म्हणजे नापास. मुलीला १.३, १.७, २.० आणि २.३ मिळाले. आमच्याकडे दहा अंकी श्रेणी असून उत्तीर्ण व्हायला किमान ४ लागतात. परीक्षा विभागाने तिकडचे आकडे जसेच्या तसे संगणकात भरले. मी खिडकीवर गेलो, तेव्हा तेथील मॅडम मला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काका, दहापैकी एक पूर्णांक सात म्हणजे नापासच धरावे लागेल ना?" गंमत अशी की मुलीने अभ्यास टाळून कसेबसे ४.० मिळवले असते, तर ती दोन्ही देशांत विनातक्रार उत्तीर्ण झाली असती. चार हा एकच आकडा दोन्हीकडे काठावरचा आहे.

यावर उपाय जुनाच आहे. परदेशी गुण जर्मन श्रेणीत आणण्यासाठी तिकडची विद्यापीठे 'बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. तेच सूत्र उलटे चालवले, की १.७ चे ८.६ होतात आणि १.३ चे ९.४. मी हे कागदावर मांडून, तिकडच्या गुणपत्रकासोबत आलेला, कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली याचा तक्ता जोडून अर्ज दिला. पोच घेतली. त्यानंतर पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत संबंधित साहेब रजेवर, बैठकीत किंवा जेवायला गेलेले होते. सहा महिने परदेशात राहून मुलीला जेवढे अर्ज करावे लागले नाहीत, तेवढे मी गंगापूर रोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून केले.

येथवरचा मजकूर तीन आठवड्यांपूर्वी लिहिला होता आणि तो तसाच ठेवतो. परंतु 'गैरहजर' या शेऱ्याबाबत माझे मत बदलले आहे. मी त्याचाही दोष परीक्षा विभागाला देत होतो. गेल्या आठवड्यात फाइल पुन्हा चाळताना लर्निंग अॅग्रीमेंटचे, म्हणजे तिकडे कोणते विषय घ्यायचे याच्या लेखी कराराचे, सुधारित पान सापडले. ठरलेला एक विषय तिकडे फक्त जर्मन भाषेत शिकवला जाणार आहे, हे ऑक्टोबरमध्ये कळल्यावर मुलीने दुसरा विषय घेतला होता. त्या पानावर तिची सही आहे, तिकडच्या विद्यापीठाची आहे, आणि इकडच्या विभागप्रमुखांची जागा कोरी आहे. त्यांनी फोनवर होकार दिला होता, पण फोनवरचा होकार फाइलला लावता येत नाही, हे मी मुलीला सांगायला हवे होते. कारखान्यात मी सहीशिवाय एक बिलही पुढे सरकू देत नाही. तेव्हा जाण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नावाआधी दोन कागद पाहावेत: गुणांचे रूपांतर कोणत्या सूत्राने होणार याचे लेखी उत्तर, आणि विषय बदलल्यास त्या पानावर तिन्ही सह्या.

वेळापत्रकाचा घोळही सांगून टाकतो. तिकडचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतात, तर इकडे सहावे सत्र जानेवारीतच सुरू झालेले असते. मुलीचे अडीच महिने बुडाले, प्रात्यक्षिके तिने मे महिन्यात भरून काढली. त्रास झाला, पण तो आधीपासून माहीत असलेला त्रास होता.

मागच्या शनिवारी सुधारित निकालपत्र मिळाले. चारही विषय उत्तीर्ण आहेत. गैरहजर विषयाची परीक्षा ती पुढच्या सत्रात देणार असून तिचे शुल्क मी भरले आहे आणि पावती त्याच फाइलला लावली आहे. फक्त आमच्या श्रेणीत अपूर्णांक नसल्यामुळे ८.६ च्या जागी ८ छापले गेले आहेत. त्या ०.६ साठी सहावी फेरी मारावी की नाही, यावर घरात मतभेद आहेत. मुलगी नको म्हणते, अर्ज मी लिहून ठेवला आहे.