वेलकम कलेक्शन: चित्रं फुकट आहेत, कॅप्शन मात्र स्वतः लिहा

दिवाळी अंक, शाळेचं प्रदर्शन, यूट्यूबवरचा इतिहासाचा व्हिडिओ, कशासाठीही जुनी चित्रं लागत असतील तर लंडनच्या वेलकम कलेक्शनची, म्हणजे आरोग्याच्या इतिहासाच्या संग्रहालय आणि ग्रंथालयाची, साइट बुकमार्क करून ठेवा. मी छोट्या प्रकाशकांसाठी कव्हरं आणि आतली मांडणी करतो, चित्रांचं बजेट किती असं विचारलं की समोरचा आधी हसतो आणि मग चहा मागवतो, त्यामुळे फुकटही हवं आणि कायद्यातही बसायला हवं असलं काही मी कायम शोधत असतो, आणि त्यात ही साइट माझ्या लेखी सगळ्यात वर.

हेन्री वेलकम हा अमेरिकेत जन्मलेला औषधवाला. १८८० ला पार्टनरबरोबर लंडनमध्ये कंपनी काढली, गोळ्या विकून रग्गड पैसा केला आणि मग वस्तू जमवायचं वेडच लागलं त्याला. १९३६ ला गेला तेव्हा दहा लाखांच्या वर वस्तू मागे होत्या, बऱ्याच तर त्याने नीट पाहिल्याही नसतील. त्याची माणसं जगभर खरेदी करत फिरायची, हिंदुस्थानात पैरा मल नावाचे डॉक्टर १९११ ते १९२१ फिरत होते. म्हणून नाव आरोग्याच्या इतिहासाचं असलं तरी आत देवादिकांची चित्रं, पोथ्या, जुन्या जाहिराती असं काय वाट्टेल ते सापडतं. जॉन थॉमसन या स्कॉटिश फोटोग्राफरने १८७० च्या आसपास चीन आणि सयाममध्ये (आजचं थायलंड) काढलेल्या फोटोंच्या मूळ काचेच्या निगेटिव्हही इथेच आहेत, ते फोटो सवडीने बघाच.

जानेवारी २०१४ मध्ये यांनी एक लाखाहून जास्त ऐतिहासिक चित्रं एकदम खुली केली, तेव्हापासून भर पडतेच आहे. प्रत्येक चित्राखाली लायसन्स लिहिलेलं असतं. पब्लिक डोमेन, म्हणजे कॉपीराइट नसलेलं, असेल तर काहीही करा. सीसी बाय, म्हणजे श्रेय देऊन वापरा असं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, असेल तर श्रेय छापा, आणि ते वाचता येईल एवढ्या टायपात छापा, कोपऱ्यात मुंगीएवढं नको. त्यातच पुढे नॉन कमर्शियल असं असेल तर विकायच्या पुस्तकात ते चालत नाही, तिथे थांबा. लॉगिन नाही, वॉटरमार्क नाही. डाउनलोडला छोटी ७६० पिक्सेलची फाइल मिळते आणि ओरिजिनल साइजही. व्हॉट्सॲपला छोटी पुरे, छपाईला मोठीच घ्या.

मध्यंतरी एका पेड एजन्सीच्या साइटवर मला इथलाच एक फोटो दिसला, वर वॉटरमार्क आणि खाली डॉलरमध्ये किंमत! म्हणजे पैसे टाकण्याआधी इथे एकदा शोधून बघा एवढंच. पेड लायब्ऱ्या वाईट असतात असं नाही हं. लंडनमध्येच मेरी एव्हन्स पिक्चर लायब्ररी आहे, १९६४ मध्ये मेरी आणि हिलरी एव्हन्स या नवरा-बायकोने सुरू केलेली, इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या जुन्या सचित्र साप्ताहिकाचा सगळा खजिना त्यांच्यामार्फत मिळतो आणि तो ज्याला हवाच आहे त्याने पैसे मोजावेतच. आपल्या अंकाची ऐपत नाही, हा भाग वेगळा.

सर्चमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रंगाचा फिल्टर. कव्हरला विटकरी रंग हवाय, तर तो रंग निवडायचा आणि त्या छटेची चित्रं समोर. शिवाय एक चित्र उघडलं की त्याच्यासारखी दिसणारी आणखी चित्रं दाखवतात, त्यात अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही. रविवर्म्याच्या छापखान्याची देवदेवतांची रंगीत चित्रं बघा, हा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजीच्या देवघरात पिवळी पडलेली लक्ष्मी असते ना, ती इथे स्वच्छ स्कॅन केलेली भेटते. शोधताना मुंबई, पुणे टाकून सोडून देऊ नका, इंग्रजांची जुनी नावंही टाका, बॉम्बे आणि पूना. आणि शाळेतल्या पोरांना एकटं बसवू नका, शस्त्रक्रिया आणि त्वचारोगांची चित्रं कधी समोर येतील सांगता येत नाही.

आता प्लेगचे फोटो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला गेला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. त्या साथीतले बरेच फोटो इथे आहेत, कॅप्टन सी. मॉस यांच्या नावावर. घरं धुवायला आणलेला पाण्याचा बंब, हॉस्पिटलच्या आतल्या खाटा, साहेब मंडळी, शिपाई. तांत्रिकदृष्ट्या फोटो जबरदस्त आहेत. पण बघताना हे लक्षात ठेवा की फोटो सरकारी बाजूने काढलेत, प्लेग कमिटी किती छान काम करते हे दाखवायला. खाटेवर पडलेल्या बाईचं नाव कुठेच नाही, साहेबांची नावं मात्र लागतात. घरात घुसून झडती घेणं, माणसं उचलून कॅम्पात टाकणं, यावरून लोक किती पेटले होते ते या फोटोत दिसणारच नाही. पुण्यात २२ जून १८९७ ला चापेकरांनी तिथल्या प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या त्या याच रागातून.

म्हणून म्हणतो की कॅप्शन स्वतः लिहा. जुनं शीर्षक तसंच उचललंत तर त्या कमिटीचं म्हणणं आपल्या तोंडून बाहेर पडतं. दुसरं टोक म्हणजे फॉरवर्ड. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या, रुग्णसेवा करताना, आणि त्यांच्या नावाने एक पोस्ट मला आली होती तिच्यात हाच मुंबईच्या हॉस्पिटलचा फोटो ‘पुण्यातला दवाखाना’ म्हणून चिकटवलेला. फोटो फुकट मिळाला म्हणून गाव बदलायचं काय?

नव्या बातम्यांमध्ये मोठी म्हणजे जैन हस्तलिखितांची. दोन हजारांहून जास्त हस्तलिखितं जैन समाजाला परत द्यायचं २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यातली बरीचशी १९१९ मध्ये पंजाबातून कवडीमोलाने घेतलेली होती. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये वेलकमच्या वस्तूंचं ‘मेडिसिन मॅन’ हे जुनं दालन त्यांनी स्वतःच बंद केलं, त्याच्या मांडणीत वंशवाद आहे असं कबूल करून. यावर तिकडे भरपूर भांडणं झाली. मला विचाराल तर कॅप्शन बदलून दालन चालू ठेवायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

मांडवी, गिरगाव, भायखळा भागातलं कोणी असेल तर ते प्लेगचे फोटो मोठे करून बघा आणि एखादी गल्ली, एखादी चाळ ओळखू आली तर खाली लिहा, फोटोचा नंबरही टाका म्हणजे बाकीच्यांना शोधता येईल.